वऱ्हाडातली जनावरे : असलेली, संपलेली आणि कल्पिलेली



श्रावण लागला की देवघराजवळच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. निदान आमच्या पिढीत तो घरोघर लागत असे. त्या एकाच कागदावर नरसिंह असतो, कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण असतो, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका असतात आणि खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त जनावरांकडे पाहू. हत्ती आहे. वाघ आहे. पुष्कळ फण्यांचा नाग प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, आणि सिंहमुखी पुरुषही सापडत नाही. पण छापणाऱ्याने चौघांनाही सारखीच शाई लावलेली आहे. हा खरा, हा खोटा, अशी खूण त्या कागदावर कुठेही नाही.

आमचे बालपण इथेच अकोल्यात गेले. हत्ती आम्ही सर्कशीत पाहिला. वाघ मेळघाटात आहे असे मोठी माणसे सांगत, पण पाहिलेला नव्हता. म्हणजे त्या वयात आमच्या दृष्टीने वाघ आणि नरसिंह दोघेही सारखेच कागदावरचे होते. दोघांचीही भीती वाटे, आणि खरं सांगायचं तर नरसिंहाची थोडी जास्त.

आज आपल्याला वऱ्हाडातल्या प्राणिचित्रांविषयी बोलायचे आहे. प्रश्न तसा साधा आहे. चित्र पाहून तो प्राणी कधी होता की नव्हता हे ठरवता येते का? गेल्या काही वर्षांत आपल्याच शेजारच्या डोंगरात असा प्रसंग आला, म्हणून हा विषय घेतला.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे थोडे तिकडचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फार वेळ घेत नाही. कांट म्हणतो की खिशातल्या शंभर नाण्यांत मनातल्या शंभर नाण्यांपेक्षा एकही नाणे जास्त नसते. 'असणे' हा वस्तूच्या वर्णनात मिळवायचा आणखी एक गुण नव्हे. आपल्या नैयायिकांनी हाच प्रश्न सशाच्या शिंगावरून घातला होता. ससा माहीत आहे, शिंग माहीत आहे. सशाच्या ठिकाणी शिंग नाही, एवढेच काय ते नाकारायचे. आता गंमत बघा. सशाचे शिंग चितारता येते, अगदी सोपे आहे. पण वांझेचा मुलगा चितारा म्हटले तर? तुम्ही जे काढाल तो नुसता एक मुलगा असेल. त्याचे अशक्यपण चित्रात उतरणार नाही. तसेच 'हा प्राणी आता उरलेला नाही' हेही कोणत्याही रेघेने दाखवता येत नाही.

जहांगीराच्या दरबारात उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. त्याच्या नावावर सांगितले जाणारे एक पक्ष्यांचे चित्र आज रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. त्यात मधोमध डोडो आहे. १६२५च्या आसपासचे चित्र मानतात. मॉरिशस बेटावरचा हा पक्षी त्या काळी जहाजांतून सुरतेपर्यंत आला होता; पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेला दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. चित्रकाराने डोळ्यासमोरचा जिवंत पक्षी काढला असावा असे जाणकार मानतात. त्याच शतकात तो पक्षी पृथ्वीवरून संपला. चित्रातली एकही रेघ हलली नाही, पण जे जिवंत प्राण्याचे चित्र होते ते नामशेष प्राण्याचे झाले. चित्राबाहेर काय घडले त्यावर सगळे ठरले.

एवढे ध्यानात ठेवून आता मोर्शीकडे जाऊ.

अमरावतीत 'अंबादेवी' म्हटले की शहरातले देऊळ आणि रुक्मिणीहरणाची कथा आठवते. आम्ही म्हणतो ती अंबादेवी वेगळी. मोर्शी तालुक्यातल्या धारूळ गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगेत ती गुहेतली देवी आहे. जागा कागदोपत्री मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडते, पण वाट आपल्याकडूनच जाते. तिथल्या डोंगरकड्यांत २७ जानेवारी २००७ रोजी डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रंगवलेले शैलाश्रय सापडले. पद्माकर लाड, प्र. सु. हिरुरकर अशी अमरावतीकरांना परिचित नावे त्या मंडळींत आहेत. पुरातत्त्व हा यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. रानात हिंडणारी, पाखरे बघणारी, निसर्गवेडी माणसे ही. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तिथे काम केले. डॉ. वाकणकरांना १९५७ साली भीमबेटका दिसले, त्यानंतर पन्नास वर्षांनी आपल्या उंबऱ्यावर हे दिसले. शोधणाऱ्यांचे ऋण मोठे आहे, आणि पुढे आम्ही जे म्हणणार आहोत त्याने ते कमी होत नाही.

त्या भिंतींवर गेरूच्या लाल रंगात आणि पांढऱ्यात जनावरे काढलेली आहेत. काही कोरलेली आहेत. एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे, असे थर आहेत. ती सगळी एका काळातली नाहीत. हरणे आणि इतर रानची जनावरे आपण सहज ओळखतो. पण काही आकृती अशा आहेत की त्यांच्याशी जुळणारे जनावर आज मेळघाटात नाही, भारतातच नाही. लांब मानेची एक जात पाहून जिराफाचे नाव घेतले गेले. आणखीही आफ्रिकेतल्या प्राण्यांची नावे पुढे आली. वर्तमानपत्रांत मथळे आले. आमचाही ऊर भरून आला हे कबूल केले पाहिजे. आपल्या वऱ्हाडच्या सीमेवर जिराफ! दोन-तीन व्याख्यानांत आम्ही ते ठामपणे सांगूनही टाकले. तेव्हा आम्ही ती जागा पाहिलेली नव्हती.

आता अशा दाव्याची तपासणी कशी करायची? शहामृगाचे उदाहरण घ्या. भारतात शहामृग नाही. पण जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे गावी डॉ. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केले, तिथे शहामृगाच्या अंड्याची कवचे निघाली. त्यातल्या एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे माणूस आणि शहामृगाचे अंडे एकाच ठिकाणी, एकाच काळात होते याचा पुरावा हातात घेऊन बघता येतो. उद्या सातपुड्यात कुणाला उंच पायांचा, लांब मानेचा पक्षी भिंतीवर दिसला आणि त्याने शहामृग म्हटले, तर त्या म्हणण्याला बाहेरून आधार आहे. चित्र आणि कवच एकमेकांना साक्ष देतात.

गेंड्याचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात जॉन कॉकबर्न यांना उत्तर भारतात केन नदीच्या खोऱ्यात गेंड्याची हाडे मिळाली आणि मिर्झापूरकडच्या डोंगरात गेंड्याच्या शिकारीचे भित्तिचित्र मिळाले. दोन्हींचा मेळ घालून त्या भागात एके काळी गेंडा होता असे त्यांनी १८८३ मध्ये मांडले. महाराष्ट्रातही दायमाबादला १९७४ साली जी ताम्रशिल्पे सापडली त्यात हत्ती आहे, रेडा आहे आणि गेंडा आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा इतका नेमका आहे की त्याच्या कातडीच्या घड्यासुद्धा दिसतात. पण लगेच सांगायला हवे की त्याच मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा येणारे जनावर एकशिंगी आहे, आणि त्याचे हाड अजून कुठे निघालेले नाही. कारागिराने दोघांसाठी हात तितकाच स्थिर ठेवला होता. नुसत्या मुद्रा उरल्या असत्या, तर यातला गेंडा खरा आणि एकशिंगी संशयास्पद हे आपण कशावरून ठरवले असते?

जिराफाच्या बाबतीत हा बाहेरचा आधारच नाही. जिराफाच्या कुळातला एक प्रचंड प्राणी शिवालिकच्या टेकड्यांत होता हे खरे. फॉकनर आणि कॉटले यांनी १८३६ साली त्याचे वर्णन केले आणि शंकराच्या नावावरून त्याला शिवथेरियम म्हटले. पण शिवालिकातली ती हाडे आणि ही चित्रे यांच्यात काळाची दरी फार मोठी आहे. सातपुड्यात माणसाच्या वस्तीबरोबर जिराफाचे हाड मिळालेले नाही. उद्या मिळाले तर आम्ही पेढे वाटू. तोवर 'लांब मानेचा प्राणी' एवढेच म्हणावे.

आम्ही पुढे एकदा तिकडे गेलो. गुडघे दुखत होते, तरी गेलो. बरोबर एक गुराखी होता, पन्नाशीचा. लांब मानेच्या एका चित्रापुढे आम्ही थांबलो आणि त्याला विचारले, हे काय असेल? तो म्हणाला, "हा तं रोही हाय जी. मान वर करून पायते." रोही म्हणजे आपली नीलगाय. ज्याने हजार वेळा रोह्याला चाहूल लागल्यावर मान ताणताना पाहिले आहे त्याला रोही दिसला. आम्ही वर्तमानपत्र वाचून गेलो होतो, आम्हाला जिराफ दिसला. त्याचे बरोबर असेलच असे नाही. पण आपण जे ओळखतो ते आधीच्या ओळखीतून ओळखतो, हे आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो आणि त्या दिवशी उन्हात उभे राहून कळले.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी घडली. चित्र नीट दिसेना, म्हणून आम्ही बाटलीतले पाणी भिंतीवर मारले. रंग एकदम उजळला, छायाचित्र सुंदर आले. नंतर एका जाणकार मित्राने ते छायाचित्र पाहिले आणि आम्हाला बोलणी खावी लागली. पाण्याने दगडातले क्षार वर येतात, पांढरा थर धरतो, रंग सुटतो. प्रत्येक पाहुण्याने एकेक बाटली ओतली तर जिराफ की रोही हा वाद मिटेलच, कारण वाद घालायला भिंतीवर काही उरणार नाही. हे आमच्या हातून झाले, म्हणून सांगतो. खडूने बाह्यरेषा गिरवू नका, हात लावू नका, पाणी मारू नका.

आता कल्पित जनावरांकडे येऊ. अमरावती जिल्ह्यातला गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातला नरनाळा हे दोन्ही किल्ले मेळघाटाच्या रानात आहेत. बहमनी काळात ते सजले आणि १४९० नंतर वऱ्हाडच्या इमादशाहीकडे आले. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरकडचा, कानडी हिंदू घराण्यातला, लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. गाविलगडाच्या एका दरवाज्याला लोक शार्दूल दरवाजाच म्हणतात. गडाच्या दरवाज्यावर हत्तींना नमवणारे सिंहासारखे प्राणी आहेत आणि गंडभेरुंड आहे. दोन तोंडांचा पक्षी, हत्तीलाही भारी. गंडभेरुंड ही कर्नाटकात राजचिन्ह म्हणून वावरलेली आकृती. नरनाळ्याच्या शहानूर दरवाज्यावरही अशीच वाघ-सिंहाच्या मधली जनावरे आहेत. आपल्याकडे त्यांना शरभ म्हणतात.

गंडभेरुंड कल्पित आहे याबद्दल वाद नाही. पण आम्हाला कुतूहल आहे ते त्या शेजारच्या सिंहाचे. गाविलगडावर काम करणाऱ्या पाथरवटाने वाघ पाहिला असेल, निदान डरकाळी नक्कीच ऐकली असेल. हत्ती फौजेत होतेच. सिंह मात्र नर्मदेच्या दक्षिणेला नव्हता. म्हणजे वाघाच्या रानात बसून तो माणूस न पाहिलेला सिंह कोरत होता, आणि तो त्याने पाहिला तो देवळांच्या खांबांवर, दुसऱ्या पाथरवटाच्या हातचा. त्याच्यापुरता सिंह आणि गंडभेरुंड यांच्यात काही फरक होता का? दोन्ही ऐकीव, दोन्ही परंपरेने आलेले. देकार्त म्हणतो की चित्रकार कितीही अचाट जनावर काढो, अवयव शेवटी पाहिलेल्या जनावरांचेच जोडतो. गंडभेरुंडाची चोच, पंख, नखे सगळी घारी-गिधाडांची आहेत. नवीन आहे ती फक्त जोडणी. सशाच्या शिंगाचा न्याय इथे चपखल बसतो.

जवळजवळ त्याच दशकांत दूर जर्मनीत काय चालले होते ते ऐका. गुजरातच्या सुलतानाने एक गेंडा पोर्तुगीजांना भेट दिला. तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररला त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन मिळाले. जनावर त्याने डोळ्यांनी पाहिले नाही. त्याने लाकडी ठशासाठी जो गेंडा काढला त्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेमागे एक जादा छोटे शिंग आहे. पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून तोच छापला जात राहिला. खरा जिवंत प्राणी, पण चित्रातला निम्मा कल्पित. गाविलगडचा पाथरवट आणि ड्यूरर यांना शेजारी बसवले असते तर त्यांचे चांगले जमले असते.

आता शेवटचे जनावर, म्हणजे पाखरू. हे आमच्या अंगाशी आलेले आहे. १९८५-८६च्या सुमारास आम्ही वर्गात विधानांचे प्रकार शिकवत असू. 'होते, पण आता नाही' याचे उदाहरण म्हणून डायनासोर सगळेच देतात, म्हणून आम्ही ऐटीत रानपिंगळा देत असू. ह्यूमने १८७३ साली या छोट्या घुबडाचे वर्णन केले होते. जगातल्या संग्रहालयांत त्याची मोजकी कातडी होती. १८८४ नंतरचा विश्वासार्ह नमुना नव्हता. १९१४चा एक होता, मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने उघड केले की तो दुसऱ्याने जमवलेला जुना नमुना होता. या गृहस्थाने तो चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे ज्या जागी सगळे शोधत होते ती जागाच बनावट. खोटी नोंद वगळून जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन आणि बेन किंग निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात दिवसाढवळ्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! आणि नंतर तो आणखी कुठे सापडला म्हणता? आपल्या मेळघाटात. आम्ही अकोल्यात फळ्यावर 'नाही' लिहीत होतो तेव्हा तो शंभर किलोमीटरच्या आत कुठेतरी बसलेला असणार. कोरकू माणसांनी त्याला पाहिलेही असेल. आम्ही त्यांना विचारले नव्हते.

त्या वर्गातले दोन विद्यार्थी आज इथे पुढच्या रांगेत बसलेले दिसतात. ते उदाहरण खोडून टाकावे, एवढी विनंती.

(व्याख्यानानंतर एका चित्रकला शिक्षिकेने विचारले : "मुलांना डायनासोर काढायला फार आवडतो. तो तर कुणीच पाहिलेला नाही. मग काय सांगायचे?")

बाई, काढू द्या. फक्त आपल्या विदर्भातला काढू द्या. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा आणि डोंगरगाव आहे, तिथे डायनासोरची हाडे निघतात. डोंगरगावच्या एका सांगाड्याला पुढे आयसीसॉरस हे नाव मिळाले, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. हाडे त्यांच्या लोकांनी १९८०च्या दशकात खणून काढली. मान, पाठ, पुढचे पाय यांची पुष्कळ हाडे आहेत. डोके मिळालेले नाही, मागचे पाय मिळालेले नाहीत. तरी पुस्तकातल्या चित्रात त्याला डोके असतेच, ते नात्यातल्या दुसऱ्या डायनासोरचे पाहून बसवलेले असते. पुरातत्त्वाची मंडळी फुटक्या मडक्याचे चित्र काढताना जेवढी खापरी हातात आहे तेवढी सलग रेघेने काढतात आणि हरवलेला भाग तुटक रेघेने. मुलांना तसेच करायला सांगा. हाडे आहेत तिथे सलग रेघ. डोके आणि मागचे पाय तुटक रेघेने. आणि रंग त्यांना हवा तो भरू द्या, कारण तो कुणालाच माहीत नाही.